कुठली सिंगल माल्ट घेऊ? आधी वास ओळखू या

मागच्या जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना, मेहुण्याचा फोन आला. परदेशातून परतत होता आणि मुंबई विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात उभा होता.

"दाजी, समोर भिंतभर बाटल्या आहेत. एक तुम्हाला, एक मला, अशा दोन सिंगल माल्ट व्हिस्की घ्यायच्यात. कुठली घेऊ? लवकर सांगा, बॅगा यायला लागल्यात."

मी विचारलं, "हुरड्याला गेल्यावर तू आगटीला खेटून बसतोस का धूर चुकवून लांब?"

"हुरडा मध्येच कुठं काढलात, दाजी?"

"सांग तर. आणि बेदाणा जास्त आवडतो का पिकलं केळ?"

तो म्हणाला, "आगटीजवळच बसतो, पण डोळे चुरचुरायला लागले की उठतो. आणि बेदाणा." त्यावरून मी त्याला दोन नावं सांगितली आणि त्यानं ती घेतली.

मी हे प्रश्न अगदी मनापासून विचारले होते. सिंगल माल्टच्या खोक्यावर चवीचं वर्णन छापलेलं असतं: हीदरची फुलं, टॉफी, ख्रिसमस केक, समुद्राचं शेवाळ. हीदर हे स्कॉटलंडच्या माळरानावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते हुंगलं असेल. मग वाचणाऱ्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही, ही तज्ज्ञांची भाषा आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण त्या पेल्यातला जवळजवळ प्रत्येक वास बनवण्याच्या एका ठरावीक पायरीवर तयार होतो. ती पायरी कळली की तो वास आपल्या घरात, आपल्या रानात कुठं भेटतो तेही आठवतं. सोलापूरच्या माणसाकडं त्यासाठी लागणारे सगळे वास आधीपासून आहेत.

सुरुवात नावापासून करू. सिंगल म्हणजे एकाच पिंपातली, असा समज फार पसरलेला आहे. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीत, म्हणजे दारू गाळण्याच्या एकाच कारखान्यात, तयार झालेली. त्या डिस्टिलरीच्या शेकडो पिंपांतला माल एकत्र करून बाटल्या भरल्या, तरी ती सिंगलच. एकाच पिंपातली असेल तर बाटलीवर तसं वेगळं लिहितात. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, म्हणजे बार्ली. तेव्हा सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या जवापासून, एका डिस्टिलरीत, तांब्याच्या हंड्यांतून काढलेली व्हिस्की. जॉनी वॉकर, शिवास रीगल ही ओळखीची नावं ब्लेंडेड स्कॉचची, म्हणजे स्कॉटलंडच्या मिसळलेल्या व्हिस्कीची. त्यांत अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्टमध्ये गहू-मक्यासारख्या धान्यांची हलकी व्हिस्की मिसळलेली असते. ब्लेंड हलक्या दर्जाचं असतं असं अजिबात नाही. त्यात मिसळणाऱ्याचा हात दिसतो आणि सिंगल माल्टमध्ये त्या एका जागेचा स्वभाव दिसतो.

आपला जिल्हा उसाचा, म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच बाटल्यांचा पाया साखर कारखान्यातल्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळतात. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते आणि किमान ३ वर्षं लाकडात मुरलेली असावी लागते, म्हणून मळीच्या दारूला तिथं व्हिस्की म्हणता येत नाही. सोडा किंवा कोला घालून पिण्याची आपली सवय या मळीच्या व्हिस्कीवर घडलेली आहे. सिंगल माल्ट पहिल्यांदा पिताना ती सवय आड येते, कारण कोल्यात तिचं जे काही आहे ते सगळं बुडून जातं.

आता मोड. आमच्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करायचे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची, दळायची. त्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा गोडसर लागते आणि पातळही राहते. मोड येताना दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात आणि पिठूळ स्टार्चची साखर करायला लागतात. ती कोवळ्या रोपाची शिदोरी. स्कॉटलंडमध्ये जवाचं हेच करतात. जव भिजवतात, काही दिवस मोड येऊ देतात आणि कोंब फार वाढायच्या आत भट्टीच्या उबेवर वाळवून थांबवतात. कोंब वाढू दिला तर तो साखर स्वतःच खाऊन टाकेल आणि दारूला काही उरणार नाही.

ही वाळवण्याची पायरी मला सगळ्यात जवळची वाटते, कारण इथंच आपली आगटी येते.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हुरड्याला बसलेला माणूस हे चित्र डोळ्यांसमोर आणेल. जमिनीत खळगा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर ज्वारीची ओली, दुधाळ कणसं. कणीस भाजतं, पण त्याचबरोबर गोवरीचा धूर त्या ओलसर दाण्याला चिकटतो. चोळून तळहातावर घेतलेल्या हुरड्यात तो धूर असतो, आणि घरी गॅसवर भाजलेल्या कणसात तो येत नाही. दाणा ओला असला की धूर धरतो, वाळला की धरत नाही. स्कॉटलंडच्या भट्टीत हेच घडतं, फक्त गोवरीऐवजी पीट जळतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून, अर्धवट कुजून, दाबली गेलेली वनस्पतींची माती. वर्षाला साधारण १ मिलिमीटर इतक्या सावकाश ती वाढते. तिचे विटेसारखे तुकडे कापून वाळवतात आणि सरपण म्हणून जाळतात. आयला या बेटावर झाडं फार कमी, पीट मुबलक, म्हणून तिथल्या व्हिस्कीला धुराची सवय लागली ती आजतागायत.

पीटच्या धुरात फिनॉल जातीची रसायनं असतात. ती ओलसर जवाला चिकटतात आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून पेल्यापर्यंत येतात. म्हणून आयलाच्या लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग या व्हिस्क्यांना धुराबरोबर जुन्या दवाखान्यातल्या आयोडीनच्या पट्टीचाही वास येतो. पहिल्यांदा नाक जवळ नेणारा दचकतोच. धुराचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असं मोजतात. आर्डबेगच्या जवात ते साधारण ५५ असतं, लागावुलिनमध्ये ३५च्या आसपास. हा आकडा वाळवलेल्या जवाचा असतो. पेल्यात पोचेपर्यंत त्यातलं बरंच गळून गेलेलं असतं. त्यामुळं नुसत्या आकड्यावरून धूर किती लागेल हे ठरवू नये. आणि सगळ्या स्कॉच धुरकट असतात असंही नाही. स्पे नदीच्या खोऱ्यातल्या, म्हणजे स्पेसाइडच्या बहुतेक माल्टमध्ये धूर जवळजवळ नसतो. ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक, मकॅलन या तिथल्या.

पुढं जव भरडतात, गरम पाण्यात कालवून साखरेचं पाणी काढतात, त्यात यीस्ट घालतात आणि आंबू देतात. दोन ते चार दिवसांत साधारण ८ टक्के अल्कोहोलचं, बिअरसारखं आंबलेलं पाणी तयार होतं. फळांचा वास बहुतेक इथंच जन्मतो. जास्त वेळ आंबवलं तर फळाचा वास वाढतो, लवकर आटोपलं तर दाण्याचा, भाजल्या पिठाचा वास वरचढ राहतो. पिकलेल्या केळ्याच्या वासामागं एस्टर नावाचं जे रसायन असतं, तेच यीस्ट इथं तयार करतं. करमाळ्याकडं केळी पिकायला ठेवलेल्या खोलीचं दार उघडल्यावर जो भपकारा येतो, तो कोवळ्या, हलक्या स्पेसाइड माल्टच्या पेल्यात बारकाईनं शोधा. सापडतो.

मग तांब्याची हंडी. आपल्याकडच्या अंघोळीच्या बंबाला लांब मान जोडली तर जसं दिसेल, तशी ती असते. आंबलेलं पाणी एकदा उकळून वाफ थंड करतात, जे येतं ते पुन्हा उकळतात. दुसऱ्या खेपेला पहिली उग्र धार बाजूला काढतात, शेवटची जड, तेलकट धारही बाजूला काढतात आणि मधला गाभा तेवढा ठेवतात. धार कुठं तोडायची हा कारागिराचा निर्णय. लवकर तोडली तर माल नाजूक, उशिरा तोडली तर भारदस्त. तांबं वाफेतले गंधकाचे उग्र वास धरून ठेवतं, म्हणूनच इतकं महाग असूनही ते बदललेलं नाही. मान उंच असेल तर जड वाफ वरपर्यंत पोचत नाही, परत खाली पडते. ग्लेनमोरांजीच्या हंड्यांच्या माना ५.१४ मीटर, म्हणजे जवळपास १७ फूट उंच आहेत. तिची व्हिस्की हलकी का, याचं बरंचसं उत्तर त्या मानेत आहे. मकॅलनच्या हंड्या बुटक्या, आणि तिचा माल जाडसर, तेलकट.

हंडीतून बाहेर येणारा माल पाण्यासारखा स्वच्छ असतो. रंग आणि चवीचा फार मोठा भाग यानंतर, पिंपात येतो.

स्कॉटलंडचा कायदा याबाबत कडक आहे. ओकच्या, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. बाहेरचं काही घालायचं नाही, पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरामल सोडून. या शेवटच्या सवलतीमुळं रंगावरून व्हिस्की जोखू नये. गडद रंग पिंपात बरीच वर्षं मुरल्याचा असेल, किंवा कॅरामलचाही असेल.

पिंपं मुख्यतः दोन घराण्यांची. पहिलं अमेरिकेतलं. तिथल्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्की दरवेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात भरावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला चालत नाही, मग ते स्कॉटलंडला येतं. ही पिंपं साधारण २०० लिटरची. अमेरिकन ओकच्या लाकडातून व्हॅनिलाचा वास येतो आणि सुक्या खोबऱ्याचाही. खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून काळी केल्यावर, वाटणाला घेण्याआधी, जो गोड-तेलकट वास येतो, तो मला या पिंपाच्या माल्टमध्ये हमखास भेटतो.

दुसरं घराणं शेरीचं. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेकडची वाइन. तिच्यातल्या पेद्रो हिमेनेझ नावाच्या गोड प्रकारासाठी द्राक्षं तोडून आधी उन्हात सुकवतात, मग पिळतात. पंढरपूर-कासेगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडमध्ये कधी उभे राहिला असाल तर आणखी काही सांगायला नको. जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं सुकताहेत, हवेत गोड, थोडा आंबूस, चिकट वास भरलाय. शेरीच्या पिंपात मुरलेल्या माल्टमध्ये बेदाणा, अंजीर, खजूर, चिंचेच्या गोळीची आंबटगोड किनार आणि लाकडाचा तुरटपणा येतो. खोक्यावर ख्रिसमस केक लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की माल शेरीच्या पिंपात होता. अ‍ॅबरलूर आणि ग्लेनड्रोनाक ही त्या बाजूची नावं.

आता वय. १२ वर्षं, १८ वर्षं या आकड्यांवर लोक डोळे झाकून पैसे मोजतात. म्हणून इथं थोडं थांबतो.

बाटलीवरचं वय म्हणजे तिच्यातल्या सर्वात तरुण व्हिस्कीचं वय. १२ लिहिलेल्या बाटलीत २० वर्षांची व्हिस्कीही असू शकते, ११ वर्षांची मात्र नाही. पिंप श्वास घेतं. उन्हाळ्यात लाकडाच्या भेगांत माल शिरतो, थंडीत बाहेर येतो, आणि या ये-जा मध्ये थोडा उडून जातो. उडून गेलेल्या भागाला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत तो वर्षाला साधारण २ टक्के. बंगळूरला, जिथं अमृत डिस्टिलरी आहे, तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. हिशोब मांडून बघा. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं तर स्कॉटलंडमध्ये १५७ लिटर उरेल. वर्षाला १० टक्के उडत असतील तर १२ वर्षांनी फक्त ५६ लिटर उरेल, आणि इतकी वर्षं गरम हवेत लाकडात राहिल्यानं ते कडू, तुरट होण्याचीही भीती. म्हणून भारतीय सिंगल माल्ट सहसा पाचसहा वर्षांतच बाटलीत येते आणि तिच्यावर बहुतेक वेळा वय छापलेलं नसतं. उष्णतेत लाकडाचं काम वेगानं होतं, त्यामुळं वय नाही म्हणून ती कच्ची समजणं चूक आहे. आपल्याकडं आंबा आढीत चार दिवसांत पिकतो, थंड प्रदेशातलं सफरचंद झाडावर महिने काढतं. दोन्ही पिकलेलीच फळं.

सोलापुरात मे महिन्यात ४३ अंशांत पिंप ठेवलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आपली हवा कोरडी. कोरड्या उष्ण हवेत पिंपातलं पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतं आणि दारू तीव्र होत जाते. स्कॉटलंडच्या दमट हवेत उलट, तिथं वर्षागणिक तीव्रता उतरते. माठातलं पाणी आपल्याकडं इतकं गार होतं तेही याच कोरड्या हवेमुळं.

भारतीय माल्टबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. अमृतनं २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत विकायला काढली, भारतात नंतर. तिच्या फ्यूजन या बाटलीत भारतीय जव आणि स्कॉटलंडचं पीटच्या धुरावरचं जव एकत्र आहे. २०१० मध्ये एका नामवंत इंग्रज समीक्षकानं तिला जगातली तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवलं आणि मग आपल्या लोकांचं लक्ष तिच्याकडं गेलं. गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातली रामपूर, हरियाणातली इंद्री या नंतरच्या. भारतात माल्टसाठी वापरलं जाणारं जव बहुतेक सहा रांगांच्या कणसाचं असतं, स्कॉटलंडचं दोन रांगांचं. सहा रांगांच्या जवाला दाण्याचा, टरफलाचा वास जास्त. पॉल जॉनची ब्रिलियन्स तोंडात धरली की मला त्यात भाजलेलं धान्य दिसतं, आणि हा वास ओळखायला आपल्याला कुणाचं पुस्तक लागत नाही.

लेबलवर आणखी एक आकडा बघा, अल्कोहोलचा. आपल्या नेहमीच्या व्हिस्कीवर ४२.८ असतो. माल्टवर ४०, ४३, ४६ किंवा ५०च्या वर. ४६ला एक कारण आहे. त्याखालच्या तीव्रतेच्या व्हिस्कीत बर्फ किंवा गार पाणी पडलं की तेलकट घटक गोळा होऊन ती गढूळ दिसते. गढूळपणा टाळायला काही कंपन्या व्हिस्की थंड करून गाळतात आणि त्या गाळण्यात थोडी चव, थोडा जाडपणाही जातो. ४६ किंवा वर ठेवलं की गाळायची गरज पडत नाही. दोन बाटल्यांत निवड अडली, तर मी ४६वाली उचलतो.

आता प्यायची कशी. इंग्रजी पुस्तकांत लिहितात, व्हिस्की खोलीच्या तापमानाला प्यावी. त्यांची खोली १८ ते २० अंशांची. आपली एप्रिलमध्ये ३४ अंशांची. त्या उष्णतेत अल्कोहोल इतक्या जोरात उडतं की नाकाला दुसरं काही कळतच नाही. पहिली दोन वर्षं मी उन्हाळ्यात माल्ट चाखून "फारच जळजळीत" असा शेरा लिहीत होतो आणि दोष मालाचा समजत होतो. आता आम्ही बाटली अर्धा तास माठातल्या पाण्यानं भरलेल्या पातेल्यात उभी ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवली तर वास मिटून जातो. माठाचा गारवा बरोबर बसतो.

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा जुळे सोलापुरातल्या एका गच्चीवर जमतो. एक बाटली पाच जणांत वाटून घेतली की खर्चही झेपतो. एका बैठकीला तीन नमुने, प्रत्येकी १५ मिलि, त्यापेक्षा जास्त नाही. तिसऱ्यानंतर नाक थकतं आणि मग जे चालतं ते चाखणं राहत नाही. गाडी कुणीही आणत नाही. राज्यात परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण लागतं, तेही पाळतो.

पेला वरून निमुळता हवा, कमळाच्या मिटत्या कळीसारखा. वास तोंडाशी गोळा होतो. नाक आत खुपसू नका. पेला हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. पहिला वास अल्कोहोलचाच येतो. एक मिनिट थांबा, पुन्हा घ्या. मग छोटा घोट, सगळ्या जिभेवर फिरवून. गिळल्यावर जे मागं रेंगाळतं त्याकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या. चांगल्या माल्टची ओळख मला तिथं पटते.

मग चमच्यानं दोनचार थेंब पाणी घाला. स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकावर हिशोब करून दाखवलं की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचं ग्वायाकोल हे द्रव्य द्रवाच्या पृष्ठभागाकडं येतं, म्हणजे नाकाच्या जवळ येतं. अनुभव तोच सांगतो, थेंब पडला की पेला उमलतो. पाणी मात्र बोअरचं घेऊ नका. आपल्या बोअरला क्षार जास्त, त्यानं चव बिघडते.

बरोबर खायला शेंगाचटणी आधी नको, लसूण आणि तिखट बसलं की जीभ तासभर कामातून गेली. आम्ही मध्ये ज्वारीची कडक भाकरी ठेवतो. तिला स्वतःची चव सौम्य, कोरडी, ती जीभ पुसून काढते. चटणी आणि दही शेवटी, पेले धुतल्यावर.

बाटली ठेवायची कशी, हे मी नुकसान सोसून शिकलो. वाइन आडवी ठेवतात म्हणून एक चांगली आयलाची बाटली मी कपाटात आडवी ठेवली होती, पत्र्याखालच्या खोलीत, सबंध उन्हाळाभर. जूनमध्ये उघडायला गेलो तर बूच भुगा होऊन निम्मं आत पडलं. माल गाळून घेतला, पण चवीला ओल्या खोक्याचा वास लागला होता. व्हिस्कीचं अल्कोहोल तीव्र असतं, ते बूच खातं. बाटली उभीच ठेवायची, अंधारात, घरातल्या सर्वात गार भिंतीला. निम्मी झाली की फार महिने ठेवायची नाही, आतली हवा वास खाऊन टाकते.

किमतीबद्दल थोडंसं. आयात स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क होतं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. राज्याचं उत्पादन शुल्क वर असतंच. त्यामुळं पहिली बाटली भारतीय घ्यावी असं मी सांगतो. त्याच पैशांत ४६ टक्क्यांची, न गाळलेली, जिचे वास आपल्याला ओळखता येतात अशी माल्ट मिळते.

कुणी विचारलं की मी आता थेट नाव सांगत नाही. आगटी आवडते का, बेदाणा का केळ, गुळाचा खडा का साखर, एवढं विचारतो. केळ आणि साखर म्हणणाऱ्याला ग्लेनलिव्हेट १२ किंवा पॉल जॉन ब्रिलियन्स. बेदाणा आणि गूळ म्हणणाऱ्याला अ‍ॅबरलूर १२, किंवा इंद्री त्रिणी, जी बर्बन, वाइन आणि शेरी अशा तीन प्रकारच्या पिंपांतून येते. धूर चालेल, पण डोळे चुरचुरायला नकोत, अशांना स्काय बेटावरची टॅलिस्कर १०. तिच्यात धूर आहे, मिरी आहे आणि खारी हवा आहे. अमृत फ्यूजनही इथंच बसते. आगटीला खेटून बसणाऱ्याला लागावुलिन १६, आणि ज्याला तिथून उठवावं लागतं त्याला आर्डबेग १०. लाफ्रॉइग मी पहिल्या बाटलीला कुणालाच सुचवत नाही. दवाखान्याचा वास आधी दुसऱ्याच्या पेल्यात हुंगून बघावा.

मेहुण्याला मी त्याच्यासाठी टॅलिस्कर आणि माझ्यासाठी अ‍ॅबरलूर सांगितली होती. महाशिवरात्र झाल्यावरच्या शनिवारी तो गच्चीवर आला. आमच्याकडं एक दोनशे पानी वही आहे, प्रत्येकानं आपल्या भाषेत लिहायचं असा नियम. टॅलिस्करचा पेला त्यानं बराच वेळ हातात धरला, दोन थेंब पाणी घातलं, पुन्हा हुंगलं. खोक्यावर काय लिहिलंय ते मी त्याला वाचू दिलं नव्हतं. वहीत त्याच्या अक्षरात आहे: "आगटी विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची राख. मिरी. नंतर मीठ लावलेली कैरी. दाजी, ही राख माझ्या ओळखीची आहे."

त्याखाली त्याच रात्री अ‍ॅबरलूरबद्दल त्यानं लिहिलंय: "कासेगावची शेड, संध्याकाळची."